रंग गेला, पण घाण गेली का?

विद्यार्थी मित्रांनो, आज आधी एक गंमत पाहू आणि मग त्या गमतीवरून थोडे गंभीर बोलू.

एक शंकुपात्र घ्या. ते निम्मे पाण्याने भरा. त्यात थोडा कॉस्टिक सोडा आणि ग्लुकोज विरघळवा. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेशी रंगवण्यासाठी मिथिलीन ब्लू नावाचे निळे रंजकद्रव्य असते. त्याचे दोन-चार थेंब टाकून पात्राला बूच लावा. कॉस्टिक सोडा कातडीला आणि डोळ्यांना घातक असतो, म्हणून हा प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावा. तुम्ही फक्त पाहा.

पाणी निळेशार होईल. आता पात्राला मुळीच धक्का लावायचा नाही. काही वेळाने निळा रंग फिकट होऊ लागेल, आणि पाहता पाहता पाणी रंगहीन होईल. त्या वेळी कोणी वर्गात आला, तर तो म्हणेल, "हे तर स्वच्छ पाणी!" मग बूच घट्ट धरून पात्र जोराने हलवा. निळा रंग परत हजर!

हे कसे झाले? ग्लुकोजने मिथिलीन ब्लूचे क्षपण केले, त्यामुळे त्याचे एका रंगहीन संयुगात रूपांतर झाले. पात्र हलवल्यावर हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळला आणि त्याने पुन्हा ऑक्सिडीकरण करून निळे द्रव्य परत आणले. म्हणजे रंग दिसत नव्हता तेव्हाही रंजकद्रव्य पात्रातच होते. ते कुठेही गेले नव्हते, फक्त आपल्या डोळ्यांना चकवत होते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण रसायनशास्त्रालाही लागू पडते ती अशी.

ही गंमत सांगण्याचे कारण आहे. कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी कार्बनच्या अतिसूक्ष्म पदार्थांचा उत्प्रेरक म्हणून उपयोग करावा, असे संशोधन आज जगभर चालू आहे. ते महत्त्वाचे आहे आणि आशादायकही आहे. पण त्याची बातमी आपल्यापर्यंत पोहोचते ती बहुधा अशी : 'नव्या पदार्थाने अर्ध्या तासात पाण्यातला जवळजवळ सगळा रंग घालवला.' आणि ज्या रंगावर हे प्रयोग वारंवार केले जातात, तो पुष्कळदा आपला हा मिथिलीन ब्लूच असतो! अशी बातमी वाचताना टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न विचारण्याची सवय तुम्ही लावून घ्यावी, एवढेच मला आज सांगायचे आहे. तो प्रश्न असा : रंग गेला, पण घाण गेली का?

पक्क्या रंगाची किंमत

1856 साली विल्यम पर्किन नावाचा 18 वर्षांचा एक इंग्रज मुलगा घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याची खटपट करत होता. क्विनीन काही झाले नाही, पण त्याला एक जांभळे रंजकद्रव्य मिळाले आणि कृत्रिम रंगांचा उद्योग सुरू झाला. तेव्हापासून रसायनशास्त्रज्ञांनी रंगांच्या रेणूंना एकच शिस्त लावली : उन्हाने विटायचे नाही, साबणाला दाद द्यायची नाही, घामाने उतरायचे नाही.

आई दुकानात साडी घेताना विचारते, "रंग पक्का आहे ना?" दुकानदार म्हणतो, "शंभर धुण्यांत जाणार नाही." आता विचार करा. जो रेणू ऊन, साबण आणि पाणी यांना पुरून उरतो, तो रंगाईच्या हौदातून वाहून नदीत गेला, तर तिथले ऊन आणि पाणी त्याचे काय वाकडे करणार? सांडपाणी शुद्ध करणाऱ्या हौदातले जीवाणू अन्नाचे कण, साखर, मैला खातात, पण अशा अनेक रेणूंना त्यांचे दात लागत नाहीत. ज्या गुणासाठी आपण कापडाला शाबासकी देतो, तोच गुण नदीच्या मुळावर येतो.

हे केवळ पुस्तकी बोलणे नाही. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे शहर विणलेल्या बनियनांसाठी आणि टी-शर्टांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या रंगाई कारखान्यांचे पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत जात राहिले. याच नदीवर खालच्या अंगाला ओरतुपाळयम येथे शेतीसाठी धरण बांधले गेले. ते 1992 साली पुरे झाले. शेतकऱ्यांना हवे होते पाटाचे पाणी; धरणात साठले रंगाईचे खारट, दूषित पाणी. पिकांना ते देता येईना. वाद न्यायालयात गेला, आणि अखेर 2011 च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथले शेकडो रंगाई कारखाने बंद करावे लागले. नदी गेली, शेती गेली आणि कामगारांची रोजीही गेली. इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी अशा कापडाच्या गावांत राहणाऱ्या आपल्या वाचकांना या गोष्टीतले दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या हौसेचा नाही. तो खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसांच्या आयुष्याचा आहे.

कोळसा : शोषणारा आणि जाळणारा

पाणी स्वच्छ करण्यासाठी कोळसा वापरण्याची युक्ती जुनी आहे. कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना रंगाचे रेणू चिकटून बसतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. खास तापवून तयार केलेल्या सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅमला अशा भिंतींचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपासही असू शकते. पण अधिशोषणात रंगाचा रेणू मोडत नाही, तो फक्त जागा बदलतो. पाण्यातली घाण कोळशावर आली. आता तो कोळसा कुठे टाकायचा? आपल्या अंगणातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटण्यासारखे हे झाले.

खरा उपाय म्हणजे त्या रेणूचे तुकडे करणे. इतके की शेवटी कार्बन डायॉक्साइड, पाणी आणि साधे क्षार उरावेत. एका अर्थाने हे पाण्यातच, ज्वाळेशिवाय केलेले ज्वलन! केंब्रिजच्या हेन्री फेंटन या रसायनशास्त्रज्ञाने 1894 साली दाखवले की, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये लोहाचा क्षार टाकला की टार्टारिक आम्लाचे जोमाने ऑक्सिडीकरण होते. त्याच्या डोक्यात सांडपाणी नव्हते. पुढे कळले की, या मिश्रणात हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन एवढाच त्याचा संसार, पण एका इलेक्ट्रॉनाचा जोडीदार हरवलेला! त्यामुळे तो समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर झडप घालतो. त्याचे आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आसपास, पण तेवढ्यात तो आपले काम करून जातो.

फेंटनच्या पद्धतीत दोन अडचणी आहेत. पाणी चांगलेच आम्लधर्मी करावे लागते, आणि नंतर ते उदासीन केले की लोहाचा तांबूस गाळ तळाशी बसतो. तो गाळ म्हणजे नवी घाण. लोहाऐवजी कोबाल्ट वापरून दुसरी ऑक्सिडीकारके चेतवता येतात, पण कोबाल्ट पाण्यात उतरले तर ते स्वतःच अपायकारक. मग संशोधकांना वाटले, धातूच नको. ज्या कार्बनवर रंग चिकटतो, त्याच कार्बनकडून तो मोडण्याचे कामही करून घेता येईल का?

लहान होण्याचा फायदा

इथे नॅनो हा शब्द येतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे 80,000 नॅनोमीटर जाड असतो. आता एक हिशेब वहीत करून पाहा. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे बारीक घन केले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग 6,000 चौरस मीटर होतो. म्हणजे जवळजवळ दीड एकर! पदार्थ तेवढाच, पण काम करण्याची जागा कोट्यवधी पटींनी वाढली. उत्प्रेरकाचे काम पृष्ठभागावर चालते, म्हणून हे महत्त्वाचे.

कार्बनची अशी रूपे एकामागून एक हाती आली. 1985 मध्ये 60 अणूंचा, फुटबॉलसारखा फुलेरीन रेणू सापडला. 1991 मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनलिकांचे सविस्तर वर्णन केले. 2004 मध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटचा एकच अणू जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा काढून दाखवला. तुमच्या पेन्सिलीच्या शिशात असे असंख्य थर एकमेकांवर रचलेले असतात.

आता ही मंडळी उत्प्रेरक म्हणून कशी वागतात? सह्याद्री ओलांडायचा तर शिखर चढून जाता येते, किंवा खिंडीतून जाता येते. डोंगर तोच, गावे तीच, पण खिंडीची वाट कमी चढाची. उत्प्रेरक अभिक्रियेला अशी खिंड दाखवतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. पेरॉक्सिमोनोसल्फेट नावाचे एक ऑक्सिडीकारक आहे. त्यात ऑक्सिजनचे दोन अणू एका कमकुवत बंधाने जोडलेले असतात. कार्बनच्या कडेला किंवा त्याच्या जाळीतल्या वैगुण्याच्या जागी ते आले, की कार्बन त्याला इलेक्ट्रॉन देतो, बंध तुटतो आणि जोमदार मूलके मोकळी होतात. काही वेळा वेगळेच घडते. नलिका ही विजेची वाहक असल्याने ती तारेसारखी वागते. एका जागी प्रदूषक रेणू चिकटतो, दुसऱ्या जागी ऑक्सिडीकारक, आणि नलिकेतून इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मुक्त मूलक न बनताच प्रदूषकाचे ऑक्सिडीकरण होते. कार्बनच्या जाळीत मधूनमधून नायट्रोजनचे अणू बसवले, तर ही कामे पुष्कळदा अधिक वेगाने होतात.

2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथील कर्टिन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, ग्राफीन ऑक्साइडचे क्षपण करून मिळणारा पदार्थ धातूच्या मदतीशिवाय पेरॉक्सिमोनोसल्फेटला चेतवतो आणि पाण्यातले फिनॉल नष्ट करतो. त्यानंतर या विषयावर संशोधनाचा ओघच सुरू झाला.

चार प्रश्न

इथपर्यंत मी या संशोधनाची बाजू मांडली, आणि ती मनापासून मांडली. पण वैज्ञानिक वृत्ती म्हणजे नव्याचे कौतुक आणि त्याची उलटतपासणी, दोन्ही. अशा प्रत्येक दाव्याला चार प्रश्न विचारावेत, असे माझे मत आहे.

पहिला प्रश्न : रेणू मोडला की फक्त चिकटला? कार्बन स्वतः उत्तम अधिशोषक आहे. म्हणून तीन बाटल्या हव्यात. एकीत रंग आणि कार्बन. दुसरीत रंग आणि ऑक्सिडीकारक. तिसरीत रंग, कार्बन आणि ऑक्सिडीकारक तिन्ही. तिसऱ्या बाटलीतला परिणाम पहिल्या दोघींच्या बेरजेहून बराच मोठा असेल, तरच उत्प्रेरणाचा दावा बळकट होतो. पहिली बाटली न ठेवता केलेला प्रयोग अर्धाच प्रयोग.

दुसरा प्रश्न : मोडला तर किती मोडला? रंग रेणूच्या एका लहानशा भागामुळे दिसतो. पुष्कळ रंगांत दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध हा तो भाग असतो. तेवढा तुटला की रंग जातो, पण रेणूचे मोठे तुकडे पाण्यातच राहतात, आणि काही तुकडे मूळ रंगापेक्षाही घातक असू शकतात. मग आगीतून निघून फुफाट्यात पडल्यासारखे होते. म्हणून सेंद्रिय पदार्थांतला एकूण किती कार्बन पाण्यात उरला ते मोजावे लागते, किंवा ते सगळे पदार्थ जाळून टाकायला किती ऑक्सिजन लागेल ते पाहावे लागते. या दुसऱ्या मोजमापाला रासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणतात. आपल्या देशातल्या सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यांत सोडायच्या पाण्यात ती लिटरला 250 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. याच मानकांत आणखी एक साधी, सुंदर कसोटी आहे. त्या निव्वळ सांडपाण्यात मासे सोडायचे; 96 तासांनंतर 100 पैकी निदान 90 मासे जिवंत राहिले पाहिजेत. रंगाला डोळे फसतात. मासा फसत नाही.

तिसरा प्रश्न : खऱ्या सांडपाण्यात काय होते? प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात एकच रंग विरघळवलेला असतो. रंगाईच्या हौदात मात्र दहा प्रकारचे रंग, साबण, कांजी, सोडा आणि भरपूर मीठ असते, कारण कापसाला काही रंग चढवण्यासाठी मीठ लागतेच. हे क्षार मूलकांना वाटेतच अडवतात आणि त्यांचे बळ खर्ची घालतात. शिवाय मीठ हा काही सेंद्रिय पदार्थ नाही. त्याचे ऑक्सिडीकरण करून ते नाहीसे होत नाही. उलट पेरॉक्सिमोनोसल्फेट वापरले की पाण्यात सल्फेटची भरच पडते. म्हणजे रंगाचा प्रत्येक रेणू मोडला असता, तरी ओरतुपाळयमचे पाणी खारटच राहिले असते! तिरुप्पूरला पुढे क्षार वेगळे काढून पाणी पुन्हा वापरण्याची खर्चिक यंत्रणा उभारावी लागली, ती यामुळेच. कोणताही एक जादूचा पदार्थ सगळी घाण घालवत नाही.

चौथा प्रश्न : उत्प्रेरक स्वतः किती टिकतो, आणि शेवटी कुठे जातो? उत्प्रेरक खर्ची पडत नाही, असे आपण पुस्तकात वाचतो. पण कार्बनच्या बाबतीत तेच जोरदार ऑक्सिडीकारक हळूहळू त्याचा पृष्ठभागही बदलते, आणि मोडलेल्या रेणूंचे तुकडे त्याच्या कामाच्या जागा अडवून बसतात. चार-पाच वेळा वापरल्यावर त्याचे बळ पुष्कळदा घटते. दुसरे असे की, इतके बारीक कण पाण्यातून परत गाळून काढणे सोपे नाही. ते नदीत गेले तर? 2008 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत लांब, ताठ नॅनोनलिकांचा परिणाम अॅस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दिसून आला. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी एका विशिष्ट प्रकारच्या बहुभित्ती नलिकांची गणना माणसात कर्करोग घडवू शकतील अशा संशयित पदार्थांत केली. सगळेच कार्बन पदार्थ असे नाहीत, हे खरे. पण ज्याने पाणी स्वच्छ करायचे, तोच पाण्यात सुटता कामा नये, हा नियम कोणी मोडू नये.

मग आशा सोडायची?

मुळीच नाही! हे प्रश्न संशोधन थांबवण्यासाठी नाहीत, त्याला योग्य दिशा देण्यासाठी आहेत. याच प्रश्नांतून नवी कामे निघाली आहेत. नॅनोपदार्थ सुटे न ठेवता त्यांना जाळीवर, पडद्यावर किंवा मोठ्या दाण्यांवर घट्ट बसवायचे, म्हणजे ते वाहून जाणार नाहीत. महागड्या नलिकांऐवजी नारळाची करवंटी, भाताचे तूस, उसाचे चिपाड हवेशिवाय तापवून त्यांपासून कार्बन बनवायचा आणि त्यालाच उत्प्रेरकाचे गुण द्यायचे. उसाच्या मळ्यांच्या आणि भातशेतीच्या आपल्या मुलखात हा कच्चा माल दारातच पडलेला आहे. तुमच्यापैकी एखाद्याने पुढे हेच काम हाती घेतले, तर मला अतिशय आनंद होईल.

पण एक गोष्ट मला खटकते, ती स्पष्ट बोललेच पाहिजे. 'विज्ञान काहीतरी शोधून काढेलच' असे म्हणून आज घाण पाणी नदीत सोडत राहणे, हा विज्ञानाचा उपयोग नसून विज्ञानाची ढाल करणे आहे. रंग कमी वाया जाईल अशी रंगाई करणे, मीठ आणि पाणी परत वापरणे, एका कारखान्याला झेपत नसेल तर दहा जणांनी मिळून शुद्धीकरण केंद्र नीट चालवणे, ही कामे उद्याच्या उत्प्रेरकासाठी थांबण्याची गरज नाही. उत्प्रेरक हा साखळीतला एक दुवा आहे. तो चांगला दुवा ठरेल, पण आधीचे आणि नंतरचे दुवे आपणच जोडायचे आहेत.

शिक्षकांनाही एक विनंती. विज्ञान प्रदर्शनात 'कोळशाने पाणी शुद्ध' हा प्रयोग दरवर्षी येतो. रंगीत पाणी वरून ओतले, खाली स्वच्छ पाणी आले, टाळ्या झाल्या! यंदा मांडणी तीच ठेवा, पण शेजारी दोन पाट्या लावायला सांगा. एकीवर लिहा, 'रंग आता कुठे आहे?' आणि दुसरीवर, 'हा कोळसा आम्ही कुठे टाकणार?' उत्तर देताना मुले अडखळली तरी चालेल. अडखळणे हीच विचाराची सुरुवात असते.

आणि मित्रांनो, ते शंकुपात्र विसरू नका. ते टेबलावर शांत उभे आहे, आतले पाणी नितळ दिसते आहे. कोणी तुम्हाला म्हणाले, "पाहा, किती स्वच्छ!" तर वाद घालू नका. फक्त म्हणा, "जरा हलवून पाहू या का?"